मिलवरची बांधलेली दोरी

पहिला घाव चौदा नंबरच्या डायवर, रबराला आकार देणाऱ्या पोलादी चकतीवर, बसला. डाय भिंतीवरून काढायची, एरणीवर ठेवायची, मग हातोडा उचलून घाव घालायचा, हातोडा खाली ठेवून डाय कोपऱ्यात फेकायची आणि पुढची घ्यायची. गोविंदाला हे सगळं एकाच हाताने करावं लागत होतं, कारण त्याचा उजवा हात मनगटापाशी संपला होता. हातोडा दोन किलोचा, गाळ्यातलाच. सहा वर्षांपूर्वी तो ज्या रॅकवर असायचा त्याच रॅकवर होता, त्यामुळे शोधावा लागला नाही.

"ही कसली?" गोविंदाने विचारलं.

"जुन्या मॉडेलच्या अँबेसिडरच्या दाराची," पाच फुटांवर उभा असलेला मारुती म्हणाला.

घाव.

"आणि ही?"

"गोविंदा, बास आता."

"ही कसली, दाजी?"

"लँडमास्टर. पुढच्या काचेची."

घाव. "लिहून द्या, थांबतो," गोविंदा म्हणाला. "कागद आणलाय मी. पेनपण आणलंय."

डोंबिवलीच्या एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी असते. त्या शुक्रवारी, २०२५च्या सप्टेंबरात, सकाळी साडेदहाला आजूबाजूचे गाळे बंद होते. घावांचे आवाज रस्त्यापर्यंत जात होते, पण रस्त्यावर ऐकायला कोणी नव्हतं.

मारुती खरमाटे जुन्या गाड्यांची रबरं बनवतो. काचेभोवतीचं, दाराच्या चौकटीचं, डिकीच्या झाकणाखालचं. ज्या मॉडेलच्या गाड्या बनायच्या थांबून चाळीस-पन्नास वर्षं झाली त्यांची रबरं दुकानात मिळत नाहीत, आणि रबर नसेल तर गाडीत पाणी शिरतं, पत्रा आतून सडतो. गाड्या बाळगणारे लोक ठाण्याहून, पुण्याहून, एकदा तर कोइमतूरहून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला रबराचा कडक तुकडा घेऊन त्याच्याकडे येत. बरेचदा तो तुकडा उलगडतानाच मोडायचा.

मूळचा माण तालुक्यातला. नववी झाल्यावर डोंबिवलीला चुलत्याकडे आला आणि एका रबर कंपनीत मिलवर लागला. ती कंपनी २००४ साली बंद पडली तेव्हा तिची जुनी मिल त्याने भंगाराच्या भावाने उचलली आणि भाड्याच्या गाळ्यात बसवली. पहिलं काम कल्याणच्या एका गॅरेजवाल्याने दिलं: साठच्या दशकातल्या अँबेसिडरच्या मागच्या काचेचं रबर. ते त्याला तीनदा करावं लागलं. पहिल्या दोन वेळा त्याने जुन्या रबराची मापं घेतली होती. तिसऱ्या वेळी गाडीची घेतली.

हीच त्याची पद्धत झाली. जुनं रबर आक्रसतं, पत्रा आक्रसत नाही. म्हणून तो जुन्या रबराचा एक पातळ काप घेऊन आकाराचा अंदाज बांधायचा आणि माप मात्र पत्र्याच्या काठाचं घ्यायचा. दातांचे डॉक्टर जबड्याचा ठसा घ्यायला जो लगदा वापरतात तो काठावर दाबायचा, सुकला की उचलायचा. मग पोलादाच्या बशीएवढ्या चकतीत कानशीने छिद्र घडवायचं. ही चकती म्हणजे डाय. तिच्यातून दाबाने बाहेर आलेलं रबर लगेच फुगतं, दर मिश्रणाला वेगळं फुगतं, म्हणून छिद्र मुद्दाम चुकीच्या आकाराचं करावं लागतं. किती चुकीचं, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. एका डायला तीन आठवडे जात. छिद्राच्या आत पोलादाची नखाएवढी जीभ असते. ती वाकली की डाय गेली. मारुतीकडे नकाशे नव्हते, वही नव्हती. जे होतं ते भिंतीवर, दोनशे बारा डायांमध्ये.

गोविंदा त्याचा मेहुणा, मारुतीची बायको मालन हिचा धाकटा भाऊ. पंधरा वर्षं मिल त्याने चालवली. मालन रबराचे कोपरे जोडायची: दोन तुकडे तिरके कापून, तापलेल्या पात्याला टेकवून, एकमेकांवर दाबून धरायची. तिचा जोड बोटाने शोधूनही सापडत नसे. तिघांमध्ये गाळा चालला.

मिल म्हणजे दोन पोलादी रोल. प्रत्येक रोल माणसाच्या मांडीपेक्षा जाड, एकमेकांकडे फिरणारे. मधल्या फटीत कच्चं रबर, काजळी, तेल, गंधक टाकून मळायचं. मळणारा माणूस रबर सुरीने कापतो, दुमडतो आणि हाताने पुन्हा फटीत सारतो. म्हणून रोलच्या वर, छातीच्या उंचीला, एक दोरी असते. हात ओढला गेला तर दुसऱ्या हाताने किंवा नुसतं अंग टाकून ती ओढायची. दोरीला ब्रेक जोडलेला असतो, रोल पाव फेऱ्यात थांबतात. भिंतीवरचं बटण बंद केलं तर फक्त वीज जाते. रोल आपल्या वजनाने आणखी दोन फेरे घेतात.

या दोरीचा त्रास असा की माणूस जरा पुढे वाकला तरी तिला छाती लागते आणि मिल थांबते. थांबलेल्या गरम रोलवर रबर चिकटतं, गाठी धरतं, बॅच जळते. गाडीच्या काचेच्या रबराला गाठ चालत नाही. म्हणून दोरी वर बांधून ठेवायची रीत त्या भागातल्या बऱ्याच गाळ्यांमध्ये आहे. तपासणीची कुणकुण लागली की सोडायची, तपासणीवाल्यांची गाडी गेटबाहेर गेली की बांधायची. मारुतीच्या गाळ्यात ती वाया गेलेल्या काचरबराच्या पट्टीने बांधलेली असे. गाठ मारुतीची. मालनचं जोडायचं टेबल दाराशी होतं, मिल चालू असताना ती तिकडे फिरकत नसे.

२०१९च्या मार्चमध्ये गोविंदाचा हात आत गेला. दुपारचे तीन वाजले होते, मालन घरी गेली होती. दोरी त्याच्या छातीशी नव्हती, डोक्याच्याही वर होती. मारुतीने बटण दाबलं. रोलने दोन फेरे घेतले. हात अडकला की रोलमधली फट वाढवणारे दोन स्क्रू पान्याने ढिले करायचे असतात, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. ते करायच्या आधी मारुती स्टुलावर चढला, त्याने दोरीची गाठ सोडली, पट्टी खिशात घातली. गोविंदा शुद्धीवर होता आणि बघत होता.

तपासायला आलेल्या साहेबांनी दोरी ओढून पाहिली. रोल पाव फेऱ्यात थांबले. "मग याने ओढली का नाही?" त्यांनी विचारलं. मारुती म्हणाला, "साहेब, तो प्यायलेला होता."

गोविंदा पूर्वी प्यायचा. अपघाताच्या आधी चार वर्षं त्याने सोडली होती. पण पूर्वी प्यायचा हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ते वाक्य कोणालाच तपासावंसं वाटलं नाही. मालनलाही नाही. दवाखान्यात तिने भावाला एकच विचारलं, "परत सुरू केलेलीस?" आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं तो तिने होकार समजला. त्या दिवाळीपासून भाऊबीजेला तिने त्याला ओवाळलं नाही. अशा सहा भाऊबिजा गेल्या.

गोविंदा कल्याणला एका सोसायटीत वॉचमन झाला. शहाडला राहायचा, पायी यायचा. एका हाताने फाटक उघडायचा, रजिस्टर डाव्या हाताने लिहायला शिकला. लोक त्याला बरा म्हणत. हे सहा वर्षं चाललं तसं पुढेही चाललं असतं.

मध्ये हरिहर भागवत आले. ठाण्यात नौपाड्याला राहणारे निवृत्त इंजिनिअर, वय बहात्तर. त्यांच्याकडे १९५६ची फियाट आहे, जिला मुंबईत डुक्कर फियाट म्हणत. तिच्या मागच्या काचेचं रबर त्यांना देशभरात मिळालं नव्हतं. मूळ रबर त्यांनी टाल्कम पावडर लावून कापडात जपून ठेवलं होतं. मारुतीने काप घ्यायला पातं लावलं तेव्हा ते गाळ्याबाहेर जाऊन उभे राहिले.

भागवत जुन्या गाड्यांच्या एका क्लबचे सभासद. क्लबच्या स्मरणिकेत त्यांनी मारुतीवर दोन पानं लिहिली, शाल-श्रीफळाच्या फोटोसह. लेख चांगला होता. त्यात एक वाक्य होतं: "२०१९ मध्ये एका मद्यपी कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या दुर्घटनेनंतरही मारुतरावांनी धीर सोडला नाही." हे त्यांना मारुतीनेच सांगितलं होतं. नाव त्यांनी विचारलं नाही.

गोविंदाच्या सोसायटीचे सेक्रेटरीही जुनी जीप बाळगून होते. स्मरणिका त्यांच्याकडे आली. त्यांनी ती केबिनच्या खिडकीतून आत धरली.

"डोंबिवली, रबराची मिल, २०१९. हा तूच का रे?"

"मीच साहेब. पण मी प्यायलेलो नव्हतो."

"छापून आलंय," सेक्रेटरी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ड्युटीवर आल्यावर गोविंदाने आधी सेक्रेटरींच्या तोंडासमोर श्वास सोडायचा, त्यांनी हुंगायचं आणि मगच रजिस्टर पुढे करायचं, असं सुरू झालं. लिफ्टची वाट बघणारे लोक हे बघत. शाळेची मुलंही बघत. अकरा दिवस त्याने श्वास सोडला. बाराव्या दिवशी, शुक्रवारी, तो कल्याणला न जाता डोंबिवलीला आला.

त्या सकाळी मारुती फियाटच्याच रबराची बॅच मळत होता. डाय तयार होती, दाबयंत्राला बोल्टने आवळलेली. मिल सुरू होती आणि डाय फुटायला लागल्यानंतरही सुरूच राहिली. पहिल्या वीस-पंचवीस डाय फुटेपर्यंत मारुती बोलत राहिला. हात तुझा गेला, पण संसार माझाही मोडायची वेळ आली होती. केस झाली असती. गाळा गेला असता, मग तुझी बहीण कुठे गेली असती?

"मी कुठं केस केली?" गोविंदा म्हणाला. "हात गेला, गेला. मी एक शब्द बोललो? बेवडा का केलंत?"

"दुसरं काय सांगणार होतो?"

"दोरी बांधलेली होती, हे सांगणार होतात." घाव. "मी रोलमध्ये अडकलेलो, दाजी. आणि तुम्ही आधी गाठ सोडली. मग मला."

गोविंदाने हातोडा खाली ठेवून पुढची डाय घ्यायला पाठ वळवली, तेव्हा मारुती हातोड्यावर झेपावला.

त्याला हातोडा मिळाला, पण पकड दांड्याच्या टोकाला बसली. गोविंदाने वळून त्याच्या तोंडावर डोकं मारलं. मारुतीचा वरचा दात ओठातून बाहेर आला. त्याने हातोडा सोडला नाही, तसाच आडवा फिरवला. तो गोविंदाच्या बरगडीवर बसला. पुढे एक्स-रेत दोन बरगड्यांना चीर दिसली. गोविंदा गुडघ्यावर आला आणि तिथूनच त्याने दांडा पकडून खेचला. मारुतीने त्याच्या थोट्या मनगटावर लाथ घातली. ती जागा कशी दुखते हे त्याला माहीत होतं, तीन महिने त्याने स्वतः तिथली पट्टी बदललेली होती. गोविंदा ओरडला नाही. उठला आणि हातोडा वरून खाली आणला. डाव्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

मारुती मागे कोलमडला तो मिलच्या लोखंडी चौकटीवर. गोविंदाने हातोडा टाकला, त्याला पोटावर वळवला, थोटा हात मानेवर दाबला आणि डाव्या हाताने त्याचं उजवं मनगट धरून पुढे नेलं. रोल फिरत होते. फटीवर काळ्या रबराचा लोळ घोळत होता. मारुतीची बोटं त्या लोळापासून वीतभर अंतरावर होती.

"ओढा दोरी," गोविंदा म्हणाला.

मारुतीचा डावा हात उचलला जात नव्हता.

"ओढा की. साहेब आलेले तेव्हा चालत होती ना? अंग टाका, थांबेल. मी प्यायलेलो म्हणून मला जमलं नाही. तुम्ही तर शुद्धीत आहात."

मालन त्याच वेळी आली. शुक्रवारी ती अकराला यायची, हातात जेवणाचा डबा. दारात तिला कोपऱ्यातल्या डायांचा ढीग दिसला, मग मिलवर एकावर एक पडलेली दोन माणसं, मग त्यातला एक तिचा भाऊ आहे हे कळलं. तिने डबा टाकला नाही, टेबलावर ठेवला. हे तिने नंतर स्वतः सांगितलं, आणि का ठेवला हे तिला सांगता आलं नाही. मग ती मिलकडे धावली आणि तिने वर हात करून दोरीला धरलं. इतकी वर्षं तिने ऐकलं होतं की हात सापडला तर दोरी ओढायची. ती दोरीला लोंबकळली.

दोरी हलली नाही.

मालनने वर पाहिलं. दोरी वरच्या पाइपला घट्ट आवळलेली होती, काचरबराच्या पट्टीने. ती फियाटच्या नव्या रबराची पट्टी होती, चाचणीत वाया गेलेली. तिचा कोपरा मालनने स्वतः जोडलेला होता.

"आक्का," गोविंदा म्हणाला, "बांधलेली आहे?"

हे त्यालाही माहीत नव्हतं; आल्यापासून त्याने रोलच्या वर बघितलंच नव्हतं. आपला हात गेल्यावर ती परत कोणी बांधली असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. तो आला होता खरं काय ते मारुतीकडून लिहून घ्यायला, आणि मिलवर त्याला नेलं ते घाबरवायला, दोरी ओढायला लावायला.

इथून पुढच्या दोन सेकंदांबद्दल दोघं वेगवेगळं सांगतात. गोविंदा म्हणतो, मी हात सोडला आणि दाजी सुटायला जोर करत होते तो जोर पुढे गेला. मारुती म्हणतो, मला आठवत नाही. अंगठा आणि पहिलं बोट फटीत गेलं. मालन बटणाकडे धावली. तिने बटण दाबल्यावर रोलने दोन फेरे घेतले. आधी तळवा गेला, मग मनगटाचं हाड अडलं आणि तिथे रोल थांबले.

मारुतीच्या तोंडून आवाज निघत होता, त्याला ओरडणं म्हणता येणार नाही. मालन रोल फिरवायचं चाक उलटं फिरवायला गेली.

"उलटं नको," गोविंदा म्हणाला. "उलटं फिरवलं तर कातडं सोलून येतं. पाना दे. तिकडचा स्क्रू तू, इकडचा मी. एकदम. अर्धा अर्धा फेरा."

त्याने पाना बगलेत धरून अंगाने फिरवला. चीर गेलेल्या बरगड्या त्याच बाजूला होत्या. चार मिनिटांत फट उघडली. २०१९ला वीस मिनिटं लागली होती.

मालनने वर बघितलं. गाठ तशीच होती. तिला कोणी हात लावला नव्हता.

तळवा वाचला, अंगठा आणि पहिलं बोट नाही. रबर तयार झालं का हे मारुती उजव्या अंगठ्याने दाबून ओळखायचा. मापाचं यंत्र त्याने कधी घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आले. खांद्याचं हाड, ओठ, हात, सगळं त्यांनी लिहून घेतलं. मालन पायथ्याशी उभी होती. ती रात्रभर नवऱ्याशी बोलली नव्हती.

"हातोडा कुणाचा?"

"माझाच. रॅकवर असतो."

"मारलं कुणी?"

"घरातलं भांडण आहे. तक्रार नाही."

"आणि हात? मशीनला दोरी असते ना ओढायला?" हवालदारांनी पेन थांबवलं. त्यांनी अशा केसेस पाहिल्या होत्या. "प्यायला होतात का?"

मालन खोलीबाहेर गेली नाही.

"नाही," मारुती म्हणाला. "दोरी बांधलेली होती. मी बांधलेली."

"लिहितो."

"अजून लिहा. २०१९लापण मीच बांधलेली. गोविंदा बाबर प्यायलेला नव्हता. मी खोटं सांगितलेलं."

"त्याचा इथे काय संबंध?"

"संबंध आहे. लिहा."

हवालदारांनी लिहिलं. उजवा हात बांधलेला होता आणि डावा खांद्यापासून गळ्यात अडकवलेला, म्हणून सही करता आली नाही. डाव्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला. आठवड्याभरात गाळ्याला नोटीस आली, मिल बंद करण्यात आली आणि जुनं प्रकरण पुन्हा उघडलं. ते अजून चालू आहे.

भागवत भेटायला आले, मोसंबी घेऊन. बराच वेळ हाताची चौकशी केल्यावर त्यांनी विचारलं, "मारुतराव, माझं मूळ रबर सुरक्षित आहे ना?"

"आहे. डायपण आहे. ती मशिनीवर होती म्हणून वाचली." बाकीच्यांपैकी एक्केचाळीस गेल्या होत्या.

स्मरणिकेतलं वाक्य खोटं होतं आणि तो कामगार आपला भाऊ, हे मालनने त्यांना सांगितलं; स्मरणिकेचं तिला गोविंदाकडून कळलं होतं. भागवतांचा चेहरा उतरला. पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापतो म्हणाले. पुढचा अंक जानेवारीत.

"तोवर त्याने तोंड हुंगवून घ्यायचं?" मालनने विचारलं. भागवतांना संदर्भ कळला नाही. तिने सांगितला.

फियाटचं रबर शेवटी एमआयडीसीच्या फेज दोनमधल्या दुसऱ्या एका गाळ्यात झालं. डाय घेऊन मालन गेली. आत शिरल्यावर तिने आधी मिलच्या वर बघितलं. तिथलीही दोरी बांधलेली होती, सुतळीने.

"ती सोडा," ती म्हणाली.

"वहिनी, बॅच जळते," मालक म्हणाला. "तुम्हाला काय सांगायला पाहिजे का?"

"जळू दे. दुसरी मळा."

दोरी सोडली. दोन बॅच जळल्या, तिसरी जमली. कोपरे मालनने जोडले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला काच बसली. भागवतांनी तिच्यावर पाण्याची नळी अर्धा तास धरली, आत थेंब आला नाही.

मधल्या काळात मालनने अर्ज करून जबाबाची प्रत मिळवली. भाऊबीजेला ती शहाडला गेली. गोविंदाच्या छातीला पट्टा होता. तिने पाट मांडला, त्याला ओवाळलं. नेहमी भाऊ घालतो ते ताटात त्याने घातलं, आणि तिने आपल्याकडून जबाबाची प्रत ठेवली. त्याने ती दोनदा वाचली.

"अंगठा कुणाचा?"

"त्यांचाच. डावा."

"हं," गोविंदा म्हणाला. मारुती कसा आहे हे त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रत लॅमिनेट करून घेतली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्या त्या दिवशी कल्याणच्या सोसायटीत वॉचमनच्या केबिनमध्ये, रजिस्टरच्या वर, खिळ्याला लावली. शाईचा ठसा लिफ्टपासूनही दिसतो. संध्याकाळी सेक्रेटरी आले. त्यांनी ती वाचली, चष्मा काढून पुसला, परत वाचली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण ही इथे लावायची जागा नाही. पोलिसांचा कागद आहे. उतरव."

"उतरवतो," गोविंदा म्हणाला. "शाळेची बस आली की. त्या पोरांना वाचू दे आधी."

बस पावणेसहाला येते. सेक्रेटरी थांबले नाहीत. कागद अजून तिथेच आहे.